एसी बंद? आधी फर्नेसचं दार बघा

शिकागोच्या उपनगरांत जुलैमध्ये पारा ३५ अंशांवर गेला, की ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागतात. "काकू, एसी गेला. बाहेरचं मशीन फिरतच नाहीये." मी विचारते, "बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसचा दिवा बघितलास का?" त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "फर्नेस कशाला? हीटिंग तर केव्हाच बंद केलंय!"

प्रश्न रास्त आहे. सांगलीकडच्या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात नोकरी करून मी लेकीकडं इथं आले, तेव्हा ही व्यवस्था मलाही नवी होती. आपल्याकडचा भिंतीवरचा एसी ज्याचा त्याचा स्वतंत्र असतो. इकडच्या घरात हिवाळ्यासाठी गॅसची फर्नेस असते आणि तिची हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. एसी याच डक्टवर चढवलेला. गार होणारी कॉइल फर्नेसच्या डोक्यावर, कॉम्प्रेसर अंगणात आणि हवा ढकलणारा ब्लोअर फर्नेसच्या पोटात. त्या ब्लोअरशेजारी बसलेला कंट्रोल बोर्ड म्हणजे जुन्या वाड्यातला दिवाणजी. हिवाळा असो की उन्हाळा, वरून आलेला हुकूम त्याच्या हातूनच पुढं जायचा.

हा हुकूम असतो २४ व्होल्टचा. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर घरातले १२० व्होल्ट उतरवून २४ करतो. बोर्डावर अक्षरांचे स्क्रू असतात. 'आर' ही येणारी वीज, 'सी' परतीची वाट, 'डब्ल्यू' उष्णतेसाठी, 'जी' पंख्यासाठी आणि 'वाय' थंडाव्यासाठी. थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच. गारवा हवा झाला, की तो आरची वीज वाय आणि जीला जोडतो. जीमुळं ब्लोअर फिरतो. वायची वीज बाहेरच्या युनिटमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पोचते, कॉन्टॅक्टर खट्‌कन ओढला जातो आणि कॉम्प्रेसरला २४० व्होल्ट मिळतात. या साखळीत कुठंही खंड पडला, तर अंगणातलं धडधाकट मशीनही ढिम्म राहतं.

म्हणून शोधाचा क्रम ठरलेला असावा. थर्मोस्टॅट 'कूल'वर ठेवून पाचेक मिनिटं थांबा, कारण कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. पॅनेलमधले ब्रेकर बघा. फर्नेसचा वेगळा, बाहेरच्या युनिटचा वेगळा. फर्नेसचं दार नीट बसलंय का तेही बघा. फिल्टर बदलताना ते जरा तिरकं बसलं, तर आतला सुरक्षा स्विच दाबला जात नाही आणि सगळंच ठप्प होतं. मग कॉइलचं पाणी वाहून नेणारी नळी. ती तुंबली, की फ्लोट स्विच वर उचलला जातो आणि कूलिंग तोडतो. पाणी घरात पसरू नये म्हणून केलेली ही सोय आहे, बिघाड नव्हे.

आता दारावरच्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा बघा. तो ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूच्या तक्त्यात असतो. दार उघडण्याआधीच लुकलुक मोजून ठेवा; वीज तुटली की काही बोर्ड जुनी नोंद विसरतात.

गेल्या उन्हाळ्यात एका तरुण जोडप्याच्या घरी गेले होते. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकनं 'बोर्ड गेला' असा निकाल दिला होता. थर्मोस्टॅटचा पडदा उजळलेला होता, पण तो स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, त्यामुळं त्या उजेडाला काही अर्थ नव्हता. वीज बंद करून दार काढलं. बोर्डावर मोटारीत असतो तसा जांभळा, ३ अँपिअरचा फ्यूज होता, आतली तार वितळलेली. नवा घातला. नुसता पंखा लावला तर व्यवस्थित फिरला; कूलिंग मागितलं की फ्यूज पुन्हा उडाला. म्हणजे दोष जीच्या वाटेवर नव्हता, वायच्या वाटेवर होता. वायच्या स्क्रूवरून अंगणात जाणारी वायर सोडवली, आणखी एक फ्यूज घातला, पुन्हा कूलिंग मागितलं. या वेळी फ्यूज टिकला. बाहेर युनिटच्या पायाशी बघितलं, तर गवत कापायच्या ट्रिमरनं केबलचं आवरण सोलून आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटवल्या होत्या. केबल बदलली आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. बोर्ड तोच राहिला.

बोर्ड कधीच जात नाही असं नाही. जी आणि सीमध्ये २४ व्होल्ट येताहेत, पण ब्लोअरच्या कूलिंगच्या जोडणीवर १२० व्होल्ट निघत नाहीत, तर साध्या मोटरच्या फर्नेसमध्ये बोर्डावरचा रिले गेला असं समजावं. हिवाळ्यात तोच ब्लोअर उत्तम चालतो, कारण हीटिंगच्या वेगाला बहुधा दुसरा रिले असतो. अशा वेळी बाहेरचं मशीन चालू ठेवू नका. हवा न फिरता कॉइलवर बर्फ धरतो. उलट, बऱ्याच साध्या बोर्डांवर वायचा स्क्रू ही बाहेरच्या वायरची नुसती जोडणी असते. तिथं फक्त अंगणातलं मशीन बंद असेल आणि वायवर २४ व्होल्ट असतील, तर बोर्ड बदलून काही उपयोग नाही.

घरच्यानं करायचं ते ब्रेकर, दार, फिल्टर, पाणी आणि दिवा इथपर्यंतच. फ्यूज बदलायचा तर ब्रेकर पाडून आणि तेवढ्याच अँपिअरचा. मोठा घातला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. बाहेरच्या युनिटचं झाकण काढू नका. तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका बसेल इतका भार उरू शकतो. रेफ्रिजरंटच्या कामाला तर अमेरिकेत कायद्यानंच प्रमाणपत्र लागतं.

बाकीचं मेकॅनिकवर सोपवा, पण बोर्ड बदलायला होकार देण्याआधी त्याच्याकडून मीटरवर दोन आकडे बघून घ्या: बोर्डावर आर आणि सीमधले व्होल्ट, आणि कूलिंग मागितलेलं असताना बाहेरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरचे व्होल्ट. हे दोन आकडे जो दाखवत नाही, त्याला बोर्डाला हात लावू देऊ नका.