वेल्डिंगच्या दुकानात घडणारी गिटार

तुमच्या गावात फाट्यावर वेल्डिंगचे एक तरी दुकान असणारच. उन्हाळ्यात तिथे नांगराचे फाळ, कुळवाच्या पाशी, ट्रॉलीचे फाळके यांची रांग लागते. पेरण्या उरकल्या की तोच कारागीर हातावर हात धरून बसतो. अशा रिकाम्या दिवसांत त्याच्याकडून एक वाद्य करून घ्या म्हटले तर तुम्ही हसाल. पण हे होण्यासारखे आहे. वाद्याचे नाव लॅप स्टील गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. सिनेमाच्या गाण्यांच्या चाली नुसत्या गिटारीवर वाजवलेल्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना व्हॅन शिपले हे नाव आठवेल. तो लांबट, घसरत जाणारा सूर याच जातीच्या गिटारीचा.

ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. बोटाने तार दाबायची नाही, त्यामुळे गोलाईदार मान तासणे, पडदे ठोकणे हे नाजूक सुतारकाम यात नाहीच. म्हणून तर ती लोखंडकाम करणाऱ्याच्या आवाक्यातली.

कांडीची ही युक्ती हवाई बेटांवरची. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू या शाळकरी पोराने १८८९ च्या सुमारास ती काढली असे सांगतात. पुढे १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून विजेवरची गिटार बाजारात आली, तीसुद्धा मांडीवरचीच आणि अखंड ओतीव अॅल्युमिनियमची. आकार तव्यासारखा गोल आणि लांब दांडा, म्हणून लोकांनी तिचे नावच ‘फ्राइंग पॅन’ ठेवले. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी हे वाद्य शास्त्रीय संगीतात आणले आणि याच वाटेने गेलेल्या विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा याला पोरखेळ समजू नका.

आता कामाचे बोलू. अंगासाठी ८० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप घ्या. लांबी ८० सेंटिमीटर पुरते. वजन तीन किलोच्या आत बसते, म्हणजे मांडीवर तान्हे पोर घेतल्यासारखे. अॅल्युमिनियमचा सेक्शन घेतला तर एक किलोत काम होते. पण इथे माझे मत वेगळे आहे. अॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्या पहिल्या ‘तव्या’ची हीच तक्रार होती: रंगमंचावरच्या दिव्यांनी तापला की सूर सुटायचा. जत्रेच्या मांडवात हॅलोजनखाली बसायचे असेल तर लोखंडी पाइप बरा. तारा पोलादाच्या, अंगही लोखंडाचे, दोन्ही सारख्या मानाने फुगतात. गॅल्व्हनाइज पाइपवर मात्र वेल्डिंग करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री थंडीताप भरतो.

सहा तारा चढवल्यावर एकूण ओढ साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. पाइपला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते वेल्डिंगचे. एका बाजूने सलग टाका मारला की पाइप केळीसारखा वाकतो. म्हणून थोडे थोडे टाचे, आलटून पालटून, मध्ये गार होऊ देऊन. शेवटी सूत धरून पाहा.

तारा दोन अँगलच्या तुकड्यांवरून जातात, एक खुंट्यांकडे, दुसरा शेपटाकडे. दोन्हींची उंची एकच हवी, पाइपापासून साधारण १० मिलिमीटर. सहाही तारा एका पातळीत आल्या पाहिजेत. कांडी सपाट बसली नाही तर एखादी तार खरखरते आणि मग कितीही वाजवा, गोडी येत नाही. अँगल गुण्यात बसवा आणि तारांच्या खाचा बारीक कानशीने घ्या.

दोन अँगलमधले अंतर ५७० मिलिमीटर ठेवा. पडदे नसले तरी वर रंगाने खुणा लागतात. हिशेब सोपा आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागले की पुढच्या खुणेचे अंतर मिळते. पहिली खूण ३२ मिलिमीटरवर येते, पाचवी १४३ वर, सातवी १८९.६ वर आणि बारावी बरोबर निम्म्यात, २८५ वर. मोकळी तार सा धरली तर पाचव्या खुणेवर मध्यम, सातवीवर पंचम, बारावीवर तार षड्ज. जाड तारेपासून प सा प सा ग प असे लावले की भजनी मंडळातला पेटीवाला लगेच साथीला बसू शकतो.

कांडीसाठी गॅरेजमध्ये विचारा. इंजिनाच्या पिस्टनमधली गजन पिन यासाठी नामी. कडक, गुळगुळीत आणि जड. ओरखडा पडलेली घेऊ नका, एवढेच.

खुंट्या आणि आवाज उचलणारा पिकअप विकत आणा. मोटार रिवाइंडिंगवाल्याला पिकअपचे कोडे उलगडेल, कारण डायनामोचेच तत्त्व आहे: चुंबकाभोवती वेटोळे, वर थरथरणारी पोलादी तार. पण तिथली तार केसासारखी बारीक आणि वेढे काही हजार. पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नका. पिकअपसाठी पाइपात ऐसपैस खिडकी कापा आणि तो पितळी स्क्रूने अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा. लोखंडाला खेटला तर चुंबकाची ताकद पाइपच खाऊन टाकतो.

आणि आता जी गोष्ट न वाचता पुढे जाऊ नये ती. पाइप, अँगल आणि तारा या सगळ्याला पिकअपच्या उघड्या वायरची जोड द्यावी लागते, नाहीतर गुणगुण येते. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात अॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीलाच लागल्यासारखा असतो. त्या पेटीला खरोखर अर्थिंग असेल तर भीती बरीच कमी. नसेल आणि आत कुठे करंट उतरला तर तो सरळ हातात. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी गावी लेस्ली हार्वी हा गिटारवाला भर कार्यक्रमात माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. आपल्या मांडवात तर ओली जमीन, अनवाणी पाय आणि तिसरी पिन मोडून टाकलेला प्लग. पंपाच्या पेटीचा झटका तुम्हाला माहीत आहे. हा त्याचाच भाऊ.

सरपंच, ग्रामसेवकांनीही समाजमंदिराचे अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्यावे. नुसता टेस्टर लावून पाहणे पुरेसे नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर करंट फुटताच लाइन तुटते. मांडवाला जनरेटर आणला असेल तर त्याच्याही अर्थिंगचे विचारा. गिटार तयार झाली तरी हे होईपर्यंत ती भिंतीलाच टेकलेली राहू द्या. तोवर रेड ऑक्साइड मारून रंगही वाळेल.