भंगारातला सर्वो ड्राइव्ह घरच्या सीएनसीला कसा जोडतात? मॉडेल नंबरच्या एका अक्षरावर अडतं सगळं

मावळातल्या बेडसे गावाजवळची लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाच्या दारातले उंचच उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे हत्ती, घोडे, बैल कारागिरांनी छिन्नी-हातोड्यानं कोरले. आज याच पट्ट्यात लाकडावर किंवा दगडावर नक्षी कोरायची तर काम सीएनसी राउटरवर होतं. नवं मशीन महाग असतं. पण बेडसेहून तळेगाव, चाकण, भोसरी काही लांब नाही, आणि तिथल्या कारखान्यांतून जुन्या मशीन निघाल्या की त्यातले सर्वो मोटर आणि ड्राइव्ह भंगारवाल्याकडे येतात. नव्याच्या तुलनेत हा माल खूपच स्वस्त मिळतो.

म्हणूनच बरेच जण घरच्या घरी सीएनसी बांधायला घेतात. पुणे जिल्ह्याला हे वेड नवं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथं विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथंच उभी राहिली. लागणारं यंत्र गावातच, आपल्या हातानं बनवायचं, हा विचार तिथं रुजला.

पण भंगारातला सर्वो म्हणजे सरळसोट काम नाही. चुकलं तर पैसे जातात आणि हातावर किंवा जिवावरही बेतू शकतं. म्हणून मुद्दे एकेक करून बघूया.

सर्वोच कशाला?

स्वस्त सीएनसीत स्टेपर मोटर असते. कंट्रोलर पल्स पाठवतो, मोटर तेवढी पावलं टाकते. टूल अडकलं आणि चार पावलं हुकली, तर कंट्रोलरला त्याचा पत्ता लागत नाही आणि पुढचं सगळं काम सरकतं. सर्वोच्या मागे एन्कोडर बसवलेला असतो. शाफ्ट नेमका कुठे आहे हे तो ड्राइव्हला सतत सांगत राहतो. फरक पडला तर ड्राइव्ह जोर लावून तो भरून काढतो, आणि जमलंच नाही तर अलार्म देऊन थांबतो. जॉब वाया जाण्यापेक्षा मशीन थांबलेलं परवडतं.

घेण्याआधी नेमप्लेट वाचा

भारतातल्या भंगारात हमखास दिसणारा एक ड्राइव्ह म्हणजे मित्सुबिशीचा एमआर-जे२एस. यात 'एमआर-जे२एस-४०ए' म्हणजे ४०० वॅटचा, पल्सवर चालणारा ड्राइव्ह. 'एमआर-जे२एस-४०बी' बाहेरून जवळपास तसाच दिसतो, पण तो कंपनीच्या एसएससीनेट या नेटवर्कवर चालतो. आर्डुइनो किंवा साध्या सीएनसी कार्डाच्या पल्स त्याला कळतच नाहीत. घरगुती मशीनसाठी तो कागदावर ठेवायच्या वजनासारखा. फरक शेवटच्या एका अक्षराचा.

मोटर आणि ड्राइव्ह जोडीनंच घ्यायचे. या ४०० वॅटच्या ड्राइव्हसोबत एचसी-केएफएस४३ ही मोटर चालते. एन्कोडरची केबल आणि कनेक्टर सोबत मिळाले तर उत्तमच. ते वेगळे शोधायला गेलं की स्वस्तात घेतल्याचा आनंद ओसरतो.

वीज जोडताना सगळ्यात मोठी चूक

ड्राइव्हवर एल१, एल२, एल३ अशी टर्मिनल दिसली की 'थ्री फेज लागणार' असं वाटतं. मात्र हा २०० व्होल्ट वर्गाचा ड्राइव्ह आहे. आपल्याकडच्या थ्री फेजमध्ये दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट असतात. ते थेट दिले तर ड्राइव्ह त्याच क्षणी जातो. ७५० वॅटपर्यंतचे हे ड्राइव्ह घरच्या सिंगल फेज २३० व्होल्टवर चालतात. ते एल१ आणि एल२ ला द्यायचे, एल३ मोकळं. कंट्रोलची वीज वेगळी, एल११ आणि एल२१ ला. जपानहून आलेल्या काही मशीनमध्ये १०० व्होल्टचे ड्राइव्हही असतात. त्यांना २३० व्होल्ट चालत नाहीत.

कंट्रोलची वीज वेगळी ठेवण्याचा फायदा असा, की इमर्जन्सी बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर फक्त मोटरची वीज तोडतो. ड्राइव्हचा मेंदू जागा राहतो आणि अलार्म का आला ते वाचता येतं.

मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायर नेमप्लेटप्रमाणेच जोडायच्या. पाण्याच्या पंपाची दिशा उलटायला दोन फेज बदलतात. सर्वोत तसं केलं की एन्कोडर एक सांगतो आणि मोटर दुसरंच करते. मग मोटर थरथरते, सुसाट सुटते किंवा अलार्म देते. दिशा पॅरामीटरमधूनच उलटायची.

अर्थिंग टाळायचं नाही. आणि मेन बंद केला म्हणून लगेच हात घालायचा नाही. २३० व्होल्टचं आत डीसी झालं की कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठा राहतो. चार्जचा दिवा विझू द्या, पंधरा मिनिटं थांबा, मग मीटरनं तपासा आणि त्यानंतरच टर्मिनलला हात लावा.

'सगळं जोडलं, पण मोटर हलत नाही'

इथं बहुतेक जण अडकतात आणि ड्राइव्ह खराब समजून परत विकतात. इमर्जन्सीचा इनपुट, ईएमजी, उघडा असेल तर ड्राइव्ह एएल.ई६ दाखवतो. दोन्ही बाजूंचे लिमिट इनपुट, एलएसपी आणि एलएसएन, बंद सर्किटमध्ये नसतील तर मोटर त्या दिशेला फिरत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन थांबावं, धावत सुटू नये. शेवटी एसओएन, म्हणजे सर्वो ऑन. मात्र एसओएन बंद ठेवून, कंट्रोलर न जोडता, पुढच्या बटणांवरूनच जॉग करून मोटर फिरवून बघता येते. ही चाचणी मोटर मशीनला जोडण्याआधी, टेबलावर घट्ट बांधून करावी.

पल्सच्या वायर पिळलेल्या आणि शील्ड असलेल्या हव्यात, मोटरच्या वायरपासून लांब. आर्डुइनोचे ५ व्होल्टचे सिग्नल एएम२६एलएस३१ सारख्या लाइन ड्रायव्हर चिपमधून दिले तर स्पिंडलच्या गोंगाटातही पल्स हरवत नाहीत.

खरा हिशोब: इलेक्ट्रॉनिक गिअर

या मोटरचा एन्कोडर एका फेऱ्यात १,३१,०७२ काउंट मोजतो. नव्या ड्राइव्हमध्ये गिअरचे दोन आकडे, पॅरामीटर ३ आणि ४, दोन्ही १ असतात. म्हणजे १०,००० पल्स देऊनही मोटर जेमतेम २७ अंश फिरते.

समजा बॉल स्क्रू ५ मिमी पिचचा आहे आणि कंट्रोलर आर्डुइनो उनोवरचा ग्रबल. तो सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतो. फेऱ्याला १०,००० पल्स ठेवल्या तर सेकंदाला तीनच फेरे होतात, म्हणजे मिनिटाला ९०० मिमी. काम रखडतं. फेऱ्याला २,००० पल्स ठेवल्या तर सेकंदाला १५ फेरे, मिनिटाला ४,५०० मिमी. एक पल्स म्हणजे ०.००२५ मिमी, लाकडी नक्षीला गरजेपेक्षा बारीक.

आता १,३१,०७२ भागिले २,०००. अपूर्णांक सोपा केला की ८,१९२ छेद १२५ येतो. म्हणून पॅरामीटर ३ मध्ये ८१९२ आणि ४ मध्ये १२५ भरायचे. ग्रबलमध्ये मिलिमीटरला ४०० स्टेप. पॅरामीटर २१ मध्ये पल्सचा प्रकार 'पल्स आणि दिशा' ठेवायचा. काही पॅरामीटर वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावरच लागू होतात.

त्यानंतर ट्यूनिंग. ऑटो ट्यूनिंगचा रिस्पॉन्स खालून हळूहळू वाढवायचा. मोटर गुणगुणायला लागली की थोडा कमी करून तिथंच थांबायचं.

वीज गेली तर?

गावात वीज कधीही जाते. आडव्या अक्षांचं फार बिघडत नाही. पण झेड अक्षावर स्पिंडलचं वजन असतं. सर्वोची वीज जाताच त्याचा जोर संपतो, आणि बॉल स्क्रू सहज फिरत असल्यानं स्पिंडल खाली येतो, जॉबवर किंवा हातावर. म्हणून झेडला ब्रेकवालीच मोटर घ्यायची. मॉडेलच्या शेवटी 'बी' असलेली एचसी-केएफएस४३बी तशीच आहे. ब्रेकला २४ व्होल्ट मिळाले की तो सुटतो, वीज गेली की धरतो.

ड्राइव्हमध्ये 'बी' नको आणि झेडच्या मोटरमध्ये 'बी' हवा, एवढं जरी भंगारवाल्याच्या दुकानात लक्षात राहिलं, तरी निम्मी खरेदी बरोबर होते. बाकीची निम्मी मॅन्युअल वाचून होते, आणि ते फुकट मिळतं.