फोटोग्राफीचा धंदा : कॅमेऱ्याआधी हिशेबाची वही

मोहल्ल्यातील एखाद्या तरुणाला फोटोचा छंद लागतो. दोन-चार नातेवाइकांच्या निकाहाचे फोटो तो काढतो, वाहवा होते आणि तो दुकान थाटतो. दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागते. त्याचे फोटो वाईट नसतात. दर मात्र शेजारच्या स्टुडिओकडे पाहून ठरवलेला असतो. म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याने प्रथम खर्च मांडायला शिकावे.

खर्च असा मांडावा

समजा, निकाह आणि वलीमा असे दोन दिवसांचे काम आहे. फोटो काढण्याचे दोन दिवस आणि निवड, दुरुस्ती, अल्बमची मांडणी यांचे तीन, असे आपले पाच दिवस जातात. रोज १,००० रुपये धरले तर आपली मजुरी ५,००० झाली. मदतनिसाचे ३,०००, अल्बमची छपाई ६,००० आणि प्रवास व जेवण १,५००. येथवर हिशेब सगळेच करतात. पुढचे दोन खर्च विसरले जातात.

पहिला घसारा. कॅमेरा, लेन्स, लाइट आणि संगणक मिळून १,८०,००० रुपयांचे सामान चार वर्षे चालले, तर वर्षाला ४५,००० रुपये झिजतात. वर्षात ३० कामे असतील तर प्रत्येक कामावर १,५०० पडतात. दुसरा खर्च दुकानाचा. भाडे, वीज वगैरे महिन्याला १२,००० असेल आणि त्यातला निम्मा भाग रोजच्या किरकोळ कामातून निघत असेल, तर उरलेल्यापैकी प्रत्येक लग्नावर २,४०० येतात.

एकूण झाले १९,४०० रुपये. शेजारी १५,००० घेतो म्हणून आपणही तेवढेच घेतले, तर ४,४०० रुपये आपल्या मजुरीतून जातात. पाच दिवसांच्या मेहनतीचे हाती उरतात ६०० रुपये! चार वर्षांनी कॅमेरा बिघडला की नवा घ्यायला पैसे नसतात, ते यामुळेच.

मंदीचे महिने

रमजानमध्ये निकाह क्वचितच होतात. मोहरममध्येही अनेक घराणी टाळतात. कोकणात आखाती देशांतील माणसे मे महिन्यात सुट्टीवर आली की सगळी कामे एकदम अंगावर येतात. त्यात चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्चमध्ये होता. २०३० साली जानेवारी आणि डिसेंबर, दोन्ही महिन्यांत येईल. वर्षाचा अंदाज बांधताना दोन्ही कॅलेंडरे समोर ठेवावीत.

मंदीत दुकान तगते ते किरकोळ कामावर : ओळखपत्राचे फोटो, लॅमिनेशन, फ्रेम, जुन्या फोटोंची दुरुस्ती. त्यातही माहिती हवी. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तेथेच काढतात. चार वर्षांखालील मुलांचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा लागतो. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच माप लागते. असा तक्ता भिंतीवर लावावा. फोटोमुळे ज्याचा अर्ज परत आला, तो ग्राहक पुन्हा येत नाही.

व्यवहार लिहून ठेवा

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण मात्र ‘घरचेच लोक आहेत’ म्हणून कागद करत नाही आणि नंतर पैसेही जातात, नातेही. कामाच्या तारखा, तास, अल्बमची पाने, तो देण्याची तारीख आणि जादा प्रतींचा दर एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

फोटो ही अमानत आहे

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढवून घेणारा ग्राहक असतो. तेव्हा नवरीचा फोटो जाहिरातीसाठी दुकानाच्या काचेत किंवा इंस्टाग्रामवर लावायचा तर लेखी परवानगी घ्यावी. परवानगीविना एक फोटो बाहेर गेला तर जमातीतील सर्व घरांचे दरवाजे बंद होतात. उलट, महिलांच्या बाजूचे फोटो घरातील प्रशिक्षित बहीण किंवा पत्नी काढत असेल, तर तेच काम धंदा वाढवते.

भांडवल

व्याज टाळायचे असेल तर महागडी लेन्स कामापुरती भाड्याने घ्यावी किंवा तपासून जुनी घ्यावी. भागीदारीही करता येते. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्याचा वाटा आधीच ठरलेला. हलगर्जी नसताना तोटा झाला तर तो भांडवलवाल्याने सोसायचा. दुसऱ्याची मेहनत वाया जाते.

दुकान असलेल्यांनी आज रात्री शटर ओढल्यावर मागील तीन कामांचा खर्च वरीलप्रमाणे लिहून पाहावा. पुढच्या ग्राहकाला दर सांगताना तो कागद समोर असू द्यावा.