चाळ क्रमांक १०, पण कुठली?

डिलाईल रोड, म्हणजेच ना. म. जोशी मार्ग, वरळी आणि नायगाव येथे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक ठिकाणी क्रमांक एकपासून सुरू झाले. साहजिकच, नुसते 'चाळ क्रमांक १०' लिहिलेले पत्र भलतीकडे जाऊ शकते. विभागाचे नाव लिहिले की घोळ मिटतो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. दोघे सहकारी आपापल्या संगणकावर स्वतंत्र काम करतात आणि आपल्या शाखेला 'दुरुस्ती' असे एकच नाव देतात. सामायिक भांडारात मात्र त्या नावाची एकच शाखा राहू शकते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' प्रणाली अशा वेळी नंतर आलेले काम नाकारते. तरीही सक्ती केल्यास आधीच्या सहकाऱ्याचे काम शाखेतून नाहीसे होते. त्यामुळे शाखेच्या नावाआधी स्वतःचे नाव जोडणे श्रेयस्कर.