सीमा ठरेल तेव्हा ठरेल. भाषेचे हक्क आजचे

मराठी वाचकाची बीदरशी पहिली ओळख होते ती दामाजीपंतांच्या कथेतून. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी उघडणारा भक्त आणि त्या धान्याची रक्कम फेडण्यासाठी विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी पोहोचलेला विठ्ठल, ही कथा घरोघरी सांगितली गेली. त्याच बीदर शहरालगत मैलूर आहे. कन्नड, उर्दू, मराठी आणि तेलुगू या भाषा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या पट्ट्यात मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. तथापि राज्याच्या हिशेबात ती अल्पसंख्याक ठरतात. त्यांच्याविषयी चर्चा होते ती एकाच अंगाने: हा भाग कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा? वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. एक भूमीचा, दुसरा त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांच्या भाषेचा. राज्यघटनेने त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या कलमांत दिली आहेत.

एका जिल्ह्याचे तीन वाटे

बीदर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बहुभाषक जिल्हा होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात हा जिल्हा उर्वरित हैदराबाद राज्यातच ठेवावा, असे सुचवले होते. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतांश भाग आंध्र प्रदेशात. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात.

हा निर्णय संसदेचा होता. राज्यघटनेच्या कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, त्याची संमती मात्र आवश्यक नसते. भारतीय संघराज्यात केंद्राचे पारडे किती जड आहे, हे या एका कलमावरून कळते. गोमंतकीयांना यातील फरक चटकन उमगेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याला थेट विचारले गेले आणि ३४,०२१ मतांच्या आघाडीने विलीनीकरण नाकारले गेले. बीदरच्या तालुक्यांत असे मतदान झाले नाही.

पुढे महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्राने कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमा ठरवणे हे संसदेचे काम असून न्यायालयाला तो अधिकार नाही, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा दावा असून बीदर, भालकी आणि गोव्याला खेटून असलेले कारवारही त्यात आहे. दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

प्रदेशाला मिळालेले, भाषेला न मिळालेले

केंद्राभिमुख असूनही भारतीय संघराज्य सर्व प्रदेशांना एकाच मापाने मोजत नाही. ९८व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१ जे हे त्याचे ठळक उदाहरण होय. हैदराबाद-कर्नाटक, म्हणजे २०१९ पासूनचे कल्याण कर्नाटक, या मागास विभागासाठी त्यात स्वतंत्र विकास मंडळाची आणि स्थानिकांना शिक्षण व नोकऱ्यांत राखीव जागांची तरतूद आहे. निकष आहे तो जन्माचा किंवा अधिवासाचा. मैलूरच्या मराठी घरातील पात्र विद्यार्थ्याला हा लाभ कन्नड घरातील विद्यार्थ्याइतकाच मिळतो. परंतु त्याची शाळा कोणत्या भाषेत असावी, याविषयी हे कलम मौन बाळगते.

भाषेची व्यवस्था अन्यत्र आहे. कलम २९ व ३० अल्पसंख्याकांना भाषा जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतात. अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. कलम ३५० अन्वये राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज करता येतो. कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याच्या सोयीविषयी आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेने त्यासाठी माप घालून दिले: शाळेत अशी ४० किंवा वर्गात १० मुले असली, तर त्या भाषेचा शिक्षक नेमावा. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हेही तत्त्व मान्य झालेले आहे.

दुबळेपणा अंमलबजावणीत आहे. कलम ३५०-ख खाली नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतो. राज्याला आदेश देऊ शकत नाही. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीची केली. कन्नड येणे तेथील मराठी मुलांच्या हिताचेच आहे. प्रश्न एवढाच, की ती मराठीच्या सोबतीला येते की मराठीची जागा घेते.

इराकचा धडा

हाच पेच कुर्दांच्या वाट्याला अधिक रक्तरंजित रूपात आला. तुर्कस्तानच्या १९८२ च्या राज्यघटनेने तुर्कीखेरीज अन्य भाषा मातृभाषा म्हणून शिकवण्यास शिक्षणसंस्थांना मनाई केली. इराकने २००५ मध्ये उलट मार्ग धरला: अरबीबरोबर कुर्दी राजभाषा झाली आणि कुर्दिस्तानला संघराज्यात स्वायत्तता मिळाली. किर्कुकसारख्या वादग्रस्त भागाचा निर्णय २००७ अखेरपर्यंत सार्वमताने व्हायचा होता. ते सार्वमत झालेच नाही. मात्र त्याच राज्यघटनेने तुर्कमेन व सिरियाक या भाषांना, त्या बोलणारे दाटीने राहतात त्या प्रशासकीय घटकांत, राजभाषेचा दर्जा दिला. भूमी कोणाची हे ठरण्यापूर्वीच भाषेचे स्थान ठरवता येते, हे त्यातून दिसते.

सीमारेषा कोठेही ओढली, तरी तिच्या दोन्ही बाजूंना अल्पसंख्याक उरतातच. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातील कन्नड भाषकांना महाराष्ट्रात हीच कलमे लागू आहेत. मैलूरसाठी मराठी शिक्षक मागणाऱ्याने जतमधील कन्नड शाळेचीही तितकीच कदर केली पाहिजे. तरच त्या मागणीला नैतिक वजन येते. न्यायालयातील दावा आणखी किती वर्षे चालेल, हे मैलूरच्या हाती नाही. पण आज पहिलीत बसलेले मूल निकालाची वाट पाहत पहिलीतच थांबणार नाही. त्याच्यासाठी शिक्षक नेमण्यास आणि त्याच्या पालकांचा मराठी अर्ज स्वीकारण्यास सीमेच्या निकालाची गरज नाही.