काळ्या दातांचे सौंदर्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जपानमध्ये विवाहित स्त्रीचे दात काळे कुळकुळीत असणे हे देखणेपणाचे लक्षण होते. या प्रथेला तिथे ‘ओहागुरो’ म्हणतात. हेइआन काळातील (७९४ ते ११८५) दरबारी स्त्रिया चेहऱ्याला पांढरा लेप लावत. त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर मूळचे दात पिवळट दिसत, म्हणून ते रंगवले जात, असे एक कारण सांगितले जाते. त्याच परंपरेतील एका कथेत सुरवंट पाळणारी सरदारकन्या भुवया उपटायला आणि दात रंगवायला नकार देते. दासींना किळस येते ती तिच्या पांढऱ्या दातांचीही.

हा रंग बनवायला लोखंडाचे तुकडे व्हिनेगरसारख्या आंबट द्रावात कित्येक दिवस मुरवत. या द्रावाला उग्र दर्प येई. तो द्राव आणि झाडावरच्या गाठींची तुरट पूड आलटून पालटून दातांवर लावत. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा काळा थर बसतो. जुनी लिहायची शाईही याच संयोगातून बनत असे. या थरामुळे दातांना कीड कमी लागत असावी, असे मानले जाते. थर टिकवण्यासाठी मात्र रंग वरचेवर द्यावा लागे.

एदो काळापर्यंत दरबारातली ही रीत सामान्य घरांत उतरली आणि लग्न झाल्याची खूण बनली. १८५९ नंतर आलेल्या पाश्चात्त्य प्रवाशांना ती विद्रूप वाटली. त्यांच्या नजरेला सुधारलेले दिसण्याची निकड मेइजी राजवटीला होती. १८७० मध्ये सरदारवर्गाला दात रंगवण्याची मनाई झाली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. त्यानंतर प्रथा झपाट्याने ओसरली. दातांची आवड बदलली ती अशी, वरून.

काळ्या दातांची आवड एकट्या जपानची नव्हती. व्हिएतनाममध्ये पांढरे दात जनावरांचे आणि भुताखेतांचे समजले जात. तिथे पुरुषही दात रंगवत. १७८९ मध्ये चीनच्या छिंग फौजांशी लढताना क्वांग चुंग राजाने सैन्याला काळे दात राखण्यासाठी लढायचे आवाहन केले होते. फ्रेंच अमलात शहरी तरुणांनी हा रंग सोडला.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. इथल्या सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. त्यातही हिराकशीतले लोह आणि हिरडा, मायफळ यांचा तुरटपणा, म्हणजे रसायन जपानचेच. उत्तरेकडच्या मिस्सी या दात काळे करायच्या पुडीचीही कृती अशीच होती. विसाव्या शतकात पांढऱ्या दंतमंजनांनी आणि टूथपेस्टने दातवणाला मागे टाकले.