दोनदा चकवणारे जीव

बाळांनो, गोबरगॅसची निळी ज्योत तुम्ही पाहिली आहे. आज ऐका गोष्ट त्या ज्योतीला मिथेन वायू पुरवणाऱ्या इवल्याशा जिवांची. हवेतला ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. म्हणून ते राहतात दलदलीच्या गाळात, पाणी भरलेल्या भातखाचरात, गाईच्या पोटात आणि गोबरगॅसच्या बंद टाकीत. आणि या जिवांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दोनदा चकवलं!

पहिला चकवा असा. अल्कोहोलवर जगून मिथेन सोडणारा एक जीव प्रयोगशाळांत वाढवला जात असे. नाव त्याचं मिथेनोबॅसिलस ओमेल्यान्स्की. १९६७ मध्ये ब्रायंट, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अरे, हा एक जीव नव्हेच, हे तर दोघं आहेत! पहिला अल्कोहोलपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन बनवतो. दुसरा त्या हायड्रोजनचा आणि कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करतो, आणि त्यातूनच जगायची ऊर्जा मिळवतो. धूर कोंडला की चूल विझू लागते ना, तसा हायड्रोजन साचला की पहिल्याचं काम अडतं. दुसरा तो संपवत राहतो, म्हणून दोघंही जगतात.

दुसरा चकवा याहून मोठा. सूक्ष्मदर्शकातून हे जीव अगदी जिवाणूंसारखे दिसतात, म्हणून त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोज यांनी मात्र रूपावर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिनं घडवणारे रायबोझोम असतात. त्यांतला आरएनए ताडून पाहिला, की कोण कोणाचा किती जवळचा, ते कळतं. १९७७ मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं, की मिथेन बनवणारे हे जीव जिवाणूंच्या कुळातले नाहीतच. सजीवसृष्टीची ही निराळीच शाखा आहे! १९९० मध्ये तिला आर्किया हे नाव मिळालं.

मिथेन करणाऱ्या या आर्कियांचं खाणं वेगवेगळं. कुणी हायड्रोजन वापरतो, कुणी ॲसिटेट तोडतो, कुणी मिथेनॉलवर जगतो. मिथेन सुटण्याची शेवटची पायरी मात्र सगळ्यांची एकच. ती पार पाडणाऱ्या विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, निकेल धातू असतो.

आता विचाराल, आजोबा, कूळ ओळखून मिळालं काय? ऐका तर. गाईच्या पोटातला मिथेन ढेकरांवाटे हवेत जातो आणि पृथ्वी तापवतो. चाऱ्यातून थ्री-एनओपी नावाचं द्रव्य दिलं, की ते नेमकं त्या निकेलवाल्या विकराला अडवतं. चारा पचवणाऱ्या जिवाणूंकडे ते विकर नसतंच, त्यामुळे गाईचं पचन चालू राहतं. युरोपीय संघानं २०२२ मध्ये दुभत्या गाईंसाठी त्याला परवानगीही दिली. दोन कुळांतला फरक कळला, म्हणून तर एकाला हात न लावता दुसऱ्याला आवरता आलं!